चौऱ्याऐंशी घेतल्या, ब्याऐंशी वगळल्या

बँकेत पस्तीसेक वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कुठलाही कागद हाती आला, की तो मजकूर मागाहून वाचतो. आधी तळाशी पाहतो. सही कोणाची, तारीख कोणती, शेरा काय मारला आहे? निवृत्तीनंतर ही खोड सुटेल असे वाटले होते. सुटली तर नाहीच, उलट कवितासुद्धा मी तशाच वाचू लागलो. या खोडीमुळेच बाराशे वर्षांपूर्वीच्या एका जपानी कवीशी माझी गाठ पडली, आणि माझ्याच एका जुन्या लबाडीशीही.

पुस्तकाचे नाव ‘मान्योशू’. जपानी कवितेचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना संग्रह. आधी फोर्टच्या पदपथावर एक निवडक इंग्रजी भाषांतर मिळाले. मग माझी ओढ पाहून भाच्याने परदेशातून त्याचे काही सटीप खंड आणून दिले. त्यांतला सतरावा भाग वाचत होतो. कोणी एक अधिकारी घोड्यावरून नद्या ओलांडत चालला आहे. डोंगरावरचे बर्फ वितळून नदीला पाणी चढले आहे, रिकिबी भिजताहेत. पुढे समुद्र लागतो, सकाळची वेळ आहे, वारा पडला आहे. मग बायकोची आठवण. अशा नऊ छोट्या कविता, सगळ्या प्रसन्न. सवयीने नजर तळाशी गेली. तिथे कवीचीच टीप होती. वसंत ऋतूतल्या कर्जवाटपाच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरतीवर असताना जागच्या जागी रचलेल्या या कविता, असे त्याने लिहून ठेवले होते.

कर्जवाटपाच्या कामासाठी! मी पुस्तक मिटले आणि चहा टाकायला उठलो. काही वाक्ये बसून पचत नाहीत.

पण आधी या ग्रंथाची थोडी ओळख करून द्यायला हवी. ‘मान्योशू’ म्हणजे दहा हजार पानांचा संग्रह. ही पाने झाडाची. काहींच्या मते शब्दांची, तर काहींच्या मते युगांची. एकूण भाग वीस आणि कविता साडेचार हजारांच्या वर. रूढ क्रमांकानुसार ४५१६. त्यांतल्या बहुतेक ३१ अक्षरांच्या, पाच-सात-पाच-सात-सात अशा मांडणीच्या. ज्याला ‘तांका’ म्हणतात तो हा प्रकार. शिवाय अडीचशेच्या वर दीर्घ कविता. तारीख असलेली शेवटची कविता इसवी सन ७५९ ची आहे. ग्रंथाला प्रस्तावना नाही, संपादकाचे नाव नाही. तरी अखेरचा हात ओतोमो नो याकामोची या सरदार-कवीने फिरवला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या स्वतःच्या सुमारे पावणेपाचशे कविता यात आहेत.

संग्रह उघडतो तो युर्याकू सम्राटाच्या नावावर असलेल्या कवितेने. टेकडीवर भाजी खुडणाऱ्या मुलीला सम्राट तिचे नाव विचारतो. त्या काळी मुलीचे नाव विचारणे म्हणजे मागणी घालणे. सम्राटापासून सुरू झालेला हा ग्रंथ पुढे राजकन्या, दरबारी, भिक्षू, कोळी असे करत थेट शिपाईगड्यांपर्यंत जातो. सोळाव्या भागात तर एक ‘बारामोन’ भेटतो, म्हणजे चक्क आपला ब्राह्मण! त्याच्या शेतातले धान्य खाणाऱ्या कावळ्याची त्या कवितेत थट्टा केली आहे. ७३६ साली भारतातून जपानला पोहोचलेल्या आणि ७५२ साली नारा येथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्र उघडण्याचा विधी करणाऱ्या बोधिसेन या भिक्षूकडे त्या शब्दाचा रोख असावा, असा अनेकांचा तर्क आहे.

हा ग्रंथ लिहिला गेला तेव्हा जपानी भाषेला स्वतःची लिपीच नव्हती. चिनी चिन्हे घ्यायची, कधी त्यांचा अर्थ वापरायचा तर कधी नुसता उच्चार, अशी ओढाताण होती. त्यातही लिहिणारे विनोदी. जपानीत ‘शि’ म्हणजे चार आणि ‘शिशि’ म्हणजे शिकारीचे जनावर. मग ‘शिशि’ कसे लिहायचे? सोळाचा आकडा घालून! चार चोक सोळा. ‘कुकु’ असा उच्चार हवा असेल तर एक्याऐंशी, कारण ‘कु’ म्हणजे नऊ. प्रेमकवितेत पाढे पेरणाऱ्या या मंडळींवर माझ्यासारख्या आकडेमोडीत जन्म घालवलेल्या माणसाचा जीव जडला नाही तरच नवल. पण या चातुर्याची किंमतही पडली. दोनशे वर्षांतच हा ग्रंथ धड वाचता येईना. ९५१ साली सम्राटाने पाच विद्वानांची समिती नेमली. तेराव्या शतकात सेंगाकू नावाच्या भिक्षूने, तोवर कोणालाही न लागलेल्या १५२ कविता वाचून दाखवल्या. एक पुस्तक पुरते वाचायला त्या देशाला पाचशे वर्षे लागली.

आता पुन्हा कर्जवाटपाकडे येतो.

याकामोची ७४६ ते ७५१ या काळात एत्चू प्रांताचा अधिकारी होता. आजचे तोयामा ते हेच. २०२४ च्या पहिल्याच दिवशी भूकंपाने हादरलेला नोतो द्वीपकल्पही तेव्हा त्याच्याच अखत्यारीत होता. प्रांताधिकाऱ्याच्या कामांत एक काम ‘सुइको’चे. वसंतात सरकारी कोठारातले भात शेतकऱ्यांना कर्जाऊ द्यायचे आणि सुगीनंतर व्याजासकट वसूल करायचे. आपल्याकडच्या तगाईसारखे म्हणा. पण व्याज सरकारी कायद्याने शेकडा पन्नास, खाजगी सावकाराला शेकडा शंभरपर्यंत मोकळीक. आपल्याकडे सावकार जिला दिढी म्हणत ती हीच. मूळ हेतू चांगला, की पेरणीच्या वेळी बियाण्यावाचून कोणी अडू नये. पण प्रांताचा खर्च या व्याजातून भागू लागला, तेव्हा ज्याला नको त्यालाही कर्ज घेणे भाग पडू लागले. कर्ज नावापुरते, प्रत्यक्षात करच. उद्दिष्ट गाठण्यासाठी वाटलेली कर्जे मीही पाहिली आहेत; त्यामुळे हे समजायला मला टीपेची गरज पडली नाही.

७४८ च्या वसंतात याकामोची या कामासाठी फिरला तेव्हाच्या त्या नऊ कविता. त्यांत नदी आहे, घोडा आहे, पाण्यात उभ्या राहून पाणवनस्पती वेचणाऱ्या मुली आहेत, चंद्र आहे. कर्ज घेणारा एकही माणूस नाही. माणसांकडे त्याचे लक्षच नव्हते, असेही म्हणता येत नाही. त्याच्या कचेरीतला ओवारी नो ओकुइ हा लेखनिक घरच्या बायकोला विसरून सबुरुको नावाच्या गणिकेच्या नादी लागला, तेव्हा याकामोचीने ७४९ साली त्याची कानउघाडणी करणाऱ्या कविता लिहिल्या आणि त्यांच्या आधी कायद्याची कलमे जोडली. पुढे बायको न बोलावता स्वतःच येऊन थडकली, त्यावरही एक कविता आहे. कारकुनाचे लफडे त्याला दिसले. कर्जदार तेवढा दिसला नाही. तो का दिसला नाही, हे मी सांगू शकतो.

१९८६ च्या मार्चमधली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फील्ड ऑफिसर होतो. मार्चअखेर जवळ आली, की आम्ही भल्या पहाटे वसुलीला निघायचो. ऋणको शेतावर किंवा दुसरीकडे कुठे निघून जायच्या आत त्याला घरी गाठायचे, हा शिरस्ता. राजदूत मोटारसायकल, मागे शाखेतला शिपाई, त्याच्या मांडीवर पावतीपुस्तकाची पिशवी. त्या गावात दोन दिवस वीज नव्हती, त्यामुळे पिठाची गिरणी बंद होती. गावाच्या अलीकडे ओढ्याच्या उतारावर मी गाडी बंद केली, कारण पेट्रोल वाचवायचे असे. उतरतीने गाडी घरंगळत असताना अंधारातून जात्याची घरघर आणि बाईचा आवाज ऐकू आला. ओवी चालू होती. शब्द नीट कळले नाहीत. भाऊ होता, वाट होती. मी ब्रेक दाबून थांबलो. शिपाईही बोलला नाही. मग ओढा चढायचा म्हणून मी किक मारली. फटफटीचा आवाज झाला आणि ओवी थांबली. जातेही थांबले.

आम्हाला जायचे होते ते त्याच घरी. दारात म्हातारी उभी होती, हाताला पीठ.

“आजी, मुलगा कुठं आहे?”

“गेलाय सायेब, पाव्हण्याकडं.”

तो घरातच होता हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. मी थकबाकीचा आकडा सांगितला. जप्तीचा शब्दही उच्चारला असेल. त्या दिवसांत तो शब्द तोंडात बसलेला होता. म्हातारी आत गेली आणि कनवटीची पुरचुंडी सोडत बाहेर आली. तीनशे रुपये निघाले. ते तिने दोनदा मोजले आणि म्हणाली, “पावती द्या सायेब.” शिपायाने मुलाच्या नावाने पावती फाडली.

दहा वर्षांनी मी पहिली कादंबरी लिहिली. तिच्या दुसऱ्या प्रकरणात ही पहाट आहे. ओढा आहे, अंधार आहे, जाते आहे, ओवी आहे. समीक्षकांनी त्या पानाचे कौतुक केले, कोणी ग्रामीण पहाटेचे चित्रण म्हणून ते उद्धृतही केले. त्या पानावर फटफटी नाही. माझ्या कादंबरीत ती ओवी शेवटपर्यंत चालते.

याकामोची आणि माझ्यात फरक आहे तो इथे. कवितेतून कर्जदार त्यानेही वगळला. पण खाली टीप लिहिली, की मी तिथे निसर्ग पाहायला गेलो नव्हतो, कर्ज वाटायला गेलो होतो. त्या टीपेमुळे बाराशे वर्षांनंतरचा वाचक नदीच्या पलीकडचे गाव पाहू शकतो. मी टीपच पुसली.

नदीपलीकडच्या त्या गावात काय होते, हे याच संग्रहात पाचव्या भागात आहे. यामानोउए नो ओकुरा हा याकामोचीच्या वडिलांच्या पिढीतला कवी. ७०२ साली चीनला गेलेल्या शिष्टमंडळात तो होता, पुढे क्यूशू बेटावर प्रांताधिकारी झाला. अखेरच्या वर्षांत त्याने गरिबीवर एक संवाद लिहिला. एक गरीब आपल्याहून गरीब माणसाला विचारतो, की बाबा रे, तू कसा जगतोस? दुसरा सांगतो. मोडकी झोपडी, थंडी, कित्येक दिवस वापरात नसलेले भांडे, आणि एवढ्यात दारात काठी घेऊन ओरडणारा गावप्रमुख. ओकुराने ही काठी स्वतः हाती धरली नसेल. पण ती कोणाच्या हुकमाने दारात येते, हे प्रांताधिकाऱ्याला नक्की ठाऊक होते. खुर्चीवर बसलेल्या माणसाने दाराच्या आतून लिहिलेली ही कविता आहे. तिच्यासारखी दुसरी या संग्रहात शोधून सापडत नाही.

याकामोचीला मात्र आणखी एक संधी मिळाली.

६६३ साली कोरियाच्या किनाऱ्यावर जपानी आरमाराचा मोठा पराभव झाला. स्वारीच्या धास्तीने क्यूशूच्या किनाऱ्यावर पहारे बसले. या पहारेकऱ्यांना ‘साकिमोरी’ म्हणत. पुढे ही माणसे मुख्यतः देशाच्या दुसऱ्या टोकाकडून, पूर्वेच्या प्रांतांतून आणली जाऊ लागली. मुदत तीन वर्षांची. आजच्या ओसाकाजवळच्या नानिवा बंदरापर्यंतच्या प्रवासाची शिदोरी ज्याची त्याने आणायची, तिथून पुढे जहाज. ७५५ साली याकामोची लष्कर खात्यात वरिष्ठ अधिकारी होता आणि नानिवाला या तुकड्यांची पाठवणी पाहत होता. प्रत्येक प्रांताच्या तुकडीबरोबर आलेल्या अधिकाऱ्यांमार्फत या शिपायांच्या कविता त्याच्याकडे आल्या. शिपायांना बोली तेवढी येत होती, तीही पूर्वेकडची आडवळणाची. तिचे उच्चार त्याने तसेच राहू दिले.

विसाव्या भागातली ही पाने म्हणजे माझ्या मते जगातले सर्वांत सुंदर आवक रजिस्टर आहे. प्रत्येक कवितेखाली शिपायाचे नाव, बहुतेकांचा जिल्हाही, कोणाचा हुद्दा. प्रांत संपला की तारीख, आणणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, दाखल कविता इतक्या, निकृष्ट होत्या त्या घेतल्या नाहीत. काझुसा प्रांताच्या १९ आल्या, १३ घेतल्या. शिनानोच्या १२ आल्या, अवघ्या ३ घेतल्या. शिवाय शेरा, की तुकडी आणणारा अधिकारी वाटेत आजारी पडला, आला नाही. दहा प्रांतांची बेरीज मी पेन्सिलीने समासात मांडली. आल्या १६६, घेतल्या ८४.

शिनानोच्या त्या तिघांत ओसादा नो तोनेरी ओशिमा नावाचा शिपाई आहे. त्याच्या मुलांना आई नाही. निघताना ती कपडे धरून रडत होती, त्यांना टाकून तो आला आहे. त्याचे एवढेच म्हणणे त्या ३१ अक्षरांत आहे. मुसाशी प्रांतातली, म्हणजे आजच्या तोक्योच्या परिसरातली, एक कविता तर शिपायाची नाहीच, त्याच्या बायकोची आहे. घोडा डोंगरात चरायला सोडला होता, तो वेळेवर हाती लागला नाही. आता नवऱ्याला डोंगर पायी ओलांडावा लागणार, ही तिची रुखरुख. खाली नवऱ्याचे नाव आहे आणि तिचेही आहे: उजिबे नो कुरोमे, तोशिमा जिल्हा. तोक्योत आजही तोशिमा नावाचा भाग आहे.

सम्राटाने मुलीचे नाव विचारण्यापासून सुरू झालेला ग्रंथ इथे येऊन खरा ठरतो, असे मला वाटते. विचारणारा याही वेळी सरकारी माणूसच होता आणि सांगणाऱ्यांची सुटका तो करू शकत नव्हता. पण या वेळी त्याने उत्तर ऐकले, ते उतरवून घेतले, पुढे या शिपायांच्या भूमिकेत जाऊन स्वतःही कविता लिहिल्या. त्या नऊ कवितांत त्याला न दिसलेला माणूस सात वर्षांनी त्याला दिसला. पूर्वेकडून साकिमोरी आणण्याची प्रथा आणखी दोनच वर्षांनी, ७५७ साली बंद झाली. कवितांमुळे झाली असे कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही.

आणि त्या ८२ कविता? त्या गेल्या. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली, हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ही सांगते, की कोटी गाथांमधून सातशे निवडल्या. कोटीचा आकडा अलंकारिक असेल. वगळणे अलंकारिक नव्हते. प्रत्येक संग्रहाच्या मागे असा एक निर्लेखित हिशेब असतो. याकामोचीचे वेगळेपण एवढेच, की त्याने निर्लेखनाचा आकडाही नोंदवला. किती टाकल्या, हे त्याने लपवले नाही.

त्याची स्वतःची अखेर चांगली झाली नाही. ७५९ च्या वर्षप्रतिपदेला इनाबा प्रांतात, आजच्या तोत्तोरीत, हाताखालच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या मेजवानीत त्याने बर्फावर एक शुभेच्छेची कविता म्हटली. संग्रह तिथे संपतो. त्यानंतर तो २६ वर्षे जगला. त्या काळातली त्याची एकही कविता उरलेली नाही. ७८५ साली तो वारला. अंत्यविधी व्हायच्या आतच दरबारातल्या एका खुनाच्या कटात त्याचे नाव आले. मेलेल्या माणसाची पदवी काढून घेतली गेली, मुलाला हद्दपार केले. ८०६ साली माफी मिळाली. आणि याच संग्रहातल्या, ७३० साली त्याच्या वडिलांच्या घरी प्लमच्या मोहोराखाली झालेल्या मेजवानीच्या प्रस्तावनेतून २०१९ साली जपानने आपल्या नव्या राजयुगाचे ‘रेइवा’ हे नाव घेतले. चिनी ग्रंथाऐवजी जपानी ग्रंथातून युगनाम घेण्याची ही पहिलीच वेळ. घोषणा एक एप्रिलला झाली. मार्चअखेर संपवून हिशेबाची वह्या-पुस्तके मिटण्याचा तो आमचा दिवस.

गेल्या महिन्यात माळ्यावरून माझ्या जुन्या खिशातल्या डायऱ्या काढल्या. १९८६ ची सापडली. मार्चच्या त्या तारखेला पेन्सिलीने गावाचे नाव आहे, ऋणकोचे नाव आहे, खाते क्रमांक आहे, ‘३०० वसूल, घरी हजर नाही’ असा शेरा आहे. गाडीच्या पेट्रोलचा खर्चही आहे. म्हातारीचे नाव नाही. मी ते विचारलेच नव्हते.

कादंबरीची नवी आवृत्ती काढायचे प्रकाशकांच्या मनात आहे. दुसऱ्या प्रकरणात मी एकच दुरुस्ती सुचवली आहे. ओढ्याच्या चढणीवर फटफटीला किक मारली जाते, आणि ओवी थांबते.